सत्ताविसावा थर

वेदरलीच्या टाउन हॉलचा एक पापुद्रा
माझ्या टेबलावर आहे, नखाएवढा.
कडेने पाहिलं की सव्वीस थर दिसतात.
मी ते मोजते. पोटापाण्याचा धंदा आहे:
कुणाच्या भिंतीवर कधी कुठला रंग होता
ते सांगायचं, बिल पाठवायचं.

हॉल राजाच्या अमलातला, सतराशे बावन्नचा.
चार खांब, वर त्रिकोण, त्रिकोणात घड्याळ,
घड्याळ नऊ मिनिटं मागे.
गावाच्या शिक्क्यावर हाच, आगीच्या बंबावर हाच,
बेकरीच्या खोक्यांवर हाच, सगळीकडे पांढरा.
इथे ‘कलोनियल’ म्हणताना आवाज मऊ होतो.
घर विकतानाही म्हणतात: कलोनियल, तीन बेडरूम.

आमच्याकडे वसाहत म्हणजे पाटबंधारे खात्याची.
धरण बांधून झालं, माणसं उरली.
एकसारखी घरं, टाईप दोन, टाईप तीन,
भिंतींना पिवडी, खाली वीतभर गेरूचा पट्टा,
दर दोन वर्षांनी, मार्चअखेर, निधी संपवायला.
‘वसाहतीतली का गं तू?’ बाजारात विचारायचे.
हो म्हणायचे मी. वसाहतीतली.

सव्वीस थर. वरचे एकवीस पांढरे,
त्यात आधी शिसं, मग जस्त, मग टायटॅनियम.
तळापासून नवव्यावर काजळी: शेजारी काही जळालं असणार.
चौदाव्या आणि पंधराव्याच्या मध्ये
डासाचा एक पाय. ओल्या रंगावर बसला, राहिला.
पांढऱ्यांच्या खाली दोन राखाडी, दोन बिस्किटी,
दगड वाटावा म्हणून वाळू मिसळलेले.
आणि अगदी शेवटी, लाकडाला धरून,
जवसाच्या तेलात खललेली
पिवडी.

सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला, पुन्हा टेकवला.
टाईप दोनची भिंत.

सभेत सगळं दाखवलं, मोठं करून, पडद्यावर.
बराच वेळ कुणी खोकलंही नाही.
मग लेटिशिया हॉलकम उठल्या, वय एक्क्याऐंशी.
त्यांच्या खापरपणज्याने याच पायऱ्यांवर
राजाचा जाहीरनामा फाडला, असं म्हणतात.
‘हा पांढराच होता,’ त्या म्हणाल्या. ‘मी पाहिलाय.’
आणि ते खोटं नव्हतं.
मागून कुणीतरी: पिवळा? मोहरीसारखा?
ड्वेन पेल्की, सुतार, एवढंच बोलला की
लाकडाला काय, ते कुठलाही रंग पितं.
मग तो प्रश्न आला, गोड आवाजात, येतो तसा:
तुम्ही मूळच्या कुठल्या?
याच खोलीत, तीन वर्षांपूर्वी,
उजवा हात वर करून मी शपथ घेतली होती.
म्हटलं, मेपल स्ट्रीट. ग्रंथालयाच्या मागे.

हात मोजले. पांढऱ्याला एकशे बारा, पिवळ्याला सात.
सातांतला एक ड्वेनचा, अर्धाच वर केलेला.

जूनमधला शनिवार. शिड्या, लिंबू सरबत, बेकरीची खोकी.
गावाने मिळून रंगवायचं, अशी रीत.
मलाही ब्रश दिला, उत्तरेकडची भिंत दिली,
सावलीतली, जिचा कुणी फोटो काढत नाही ती.
डबा उघडला. बुडवला.
वरून खाली नाही, फळीच्या रेषेत, ड्वेन म्हणाला,
आणि मध्ये थांबू नकोस, थांबलं की खूण राहते.
खिडकीपाशी जरा वारा आला
आणि माझा एक केस, टोकाला काळा, मुळाशी पांढरा,
ओल्या रंगावर जाऊन चिकटला.
नखाने निघाला असता.
ड्वेनने पाहिलं. मी पाहिलं.
त्यावरून ब्रश फिरवला
आणि पुढची फळी घेतली.